धाराशिव जिल्ह्यातील महाविद्यालयीन युवक आणि आहाराची निवड : पोषणशिक्षणाचा एक विचार

प्रास्ताविक

भारत सरकारने जानेवारी २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हा कार्यक्रम हाती घेतला, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, वाशिम आणि तत्कालीन उस्मानाबाद (२०२३ पासून धाराशिव) या चार जिल्ह्यांची निवड झाली. जिल्ह्याच्या प्रगतीचे मोजमाप करताना आरोग्य व पोषण या घटकास तीस टक्के आणि शिक्षण या घटकास तेवढेच भारमान देण्यात आले. या दोन घटकांची गाठ जेथे सहज पडू शकते ते ठिकाण म्हणजे महाविद्यालय होय. प्रत्यक्षात मात्र महाविद्यालयीन विद्यार्थी पोषणविषयक योजनांच्या दोन टोकांमधील फटीत सापडलेला दिसतो. सहा वर्षांपर्यंत अंगणवाडी, आठवीपर्यंत शालेय पोषण आहार आणि पुढे थेट गरोदरपणातील नोंदणी, अशी शासकीय व्यवस्थेची मांडणी आहे. किशोरवयीनांसाठी लोहाच्या साप्ताहिक गोळ्यांसारखे कार्यक्रम आहेत; पण पदवीच्या वर्गापर्यंत त्यांचा हात क्वचितच पोहोचतो.

या फटीची किंमत आकड्यांत दिसते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. १५ ते १९ वयोगटातील मुलींमध्ये हे प्रमाण ५७.२ टक्के होते. म्हणजे अकरावी-बारावीच्या आणि पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात बसणाऱ्या वयाच्या मुलींपैकी निम्म्याहून अधिक रक्तक्षयग्रस्त आहेत, असे मानून चालावे लागते. तासाला पेंगणारी, पायऱ्या चढताना धाप लागणारी, ‘अभ्यासात लक्ष नाही’ असा शेरा मिळालेली विद्यार्थिनी कदाचित या आकड्यातील एक असते. प्राध्यापकवर्गाचा या विषयाशी संबंध येतो तो येथे.

जाणीवपूर्वक, आरोग्यदायी आणि परवडणारी अशी आहाराची निवड करावयास युवकांना कसे शिकवता येईल, याचा विचार धाराशिव जिल्ह्याच्या संदर्भात प्रस्तुत लेखात केला आहे. यांतील ‘परवडणारी’ हे विशेषण बहुतेक पोषणविषयक व्याख्यानांतून गळून पडते. बदाम, सफरचंद आणि पनीर यांची महती सांगणारे भित्तिपत्रक कोरडवाहू गावातील विद्यार्थ्याला काही शिकवीत नाही. चांगले खाणे आपल्यासाठी नाही, एवढाच बोध त्यातून होतो.

पिकते ते आणि शिजते ते

हा जिल्हा रब्बी ज्वारीचा, तुरीचा आणि हरभऱ्याचा. ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, शेंगदाण्याची, जवसाची किंवा कारळाची चटणी हे येथील मूळचे जेवण. पोषणशास्त्राच्या दृष्टीने या ताटात काढण्यासारखे फारसे काही नाही. धान्य व डाळ एकत्र आल्याने दोहोंतील प्रथिनांची उणीव परस्पर भरून निघते, तर जवसातून ओमेगा-३ वर्गातील स्निग्धाम्ले मिळतात. रानात आपोआप उगवणाऱ्या घोळ, कुरडू, पाथरी, तांदुळजा यांसारख्या भाज्यांना तर पैसाही लागत नाही.

गेल्या दोन-तीन दशकांत मात्र खरिपात सोयाबीन आणि जेथे पाणी आहे तेथे ऊस यांनी शेताचा मोठा भाग व्यापला. ही दोन्ही पिके शेतातून थेट बाजारात किंवा कारखान्यात जातात. सोयाबीनमध्ये वजनाच्या सुमारे ३८ ते ४० टक्के प्रथिने असतात. तरीही ते पिकविणाऱ्या घरात ते क्वचितच शिजते. (ते कच्चे खाऊ नये, उकळून वा भाजूनच वापरावे, ही माहितीही अनेक घरांत नसते.) दुसरीकडे शिधावाटप व्यवस्थेतून प्रामुख्याने गहू व तांदूळ मिळाल्याने भाकरीची जागा हळूहळू चपाती आणि भात घेऊ लागले. शेतकरी आत्महत्याग्रस्त म्हणून गणलेल्या राज्यातील १४ जिल्ह्यांमध्ये या जिल्ह्याचा समावेश आहे. तेथील दारिद्र्यरेषेवरील शेतकरी शिधापत्रिकाधारकांना २०२३ पासून धान्याऐवजी प्रतिव्यक्ती दरमहा १५० रुपये व नंतर १७० रुपये थेट खात्यात देण्याचा निर्णय झाला. धान्य येत होते तेव्हा निवडीचा प्रश्न नव्हता. रोख रक्कम आल्यावर तो निर्माण झाला. या रकमेचे काय घ्यावे, हा प्रश्न अर्थशास्त्राच्या तासाला विचारण्याजोगा आहे.

पिकते ते शिजत नाही, या तिढ्याचे एक उत्तर जिल्ह्यातच शोधले गेले. ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबाद भागातील पुनर्वसनाच्या कामातून पुढे आलेल्या, प्रेमा गोपालन यांनी स्थापन केलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने महिलांच्या ‘एक एकर शेती’चा प्रयोग रुजविला. कुटुंबाच्या जमिनीपैकी साधारण एक एकर क्षेत्र स्त्रीच्या निर्णयाखाली आणावयाचे, त्यात धान्य, कडधान्य व भाजीपाला अशी विविध पिके कमी पाण्यात व कमी खर्चात घ्यावयाची आणि घरच्या ताटाची गरज भागल्यावर उरलेले विकावयाचे, असे त्याचे सूत्र आहे. या संस्थेच्या कार्यास २०१६ साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. पोषणशिक्षणाच्या दृष्टीने यातील लक्षणीय बाब अशी की, येथे व्याख्यान नंतर आले. आधी निर्णयाचा अधिकार आला.

येळवशीचे ताट

संतुलित आहाराची संकल्पना शिकविण्यासाठी परक्या तक्त्याची गरज या जिल्ह्यात भासू नये. मार्गशीर्ष अमावास्येला धाराशिव-लातूर भागात साजरी होणारी वेळ अमावास्या अर्थात येळवस प्रत्येक विद्यार्थ्याने शेतात बसून जेवलेली असते. त्या दिवशीची भज्जी म्हणजे तूर, हरभरा, वाटाणा, वाल यांचे ओले दाणे, शेंगदाणे, पालेभाज्या, चिंच आणि बेसन यांचा एकजीव पदार्थ. जोडीला ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील, बाजरीचे उंडे आणि गव्हाची खीर. तृणधान्ये, कडधान्ये, हिरव्या भाज्या, तेलबिया आणि दुग्धजन्य पदार्थ असे सर्व अन्नगट एकाच पंगतीत येतात आणि त्यांतील बहुतेक जिन्नस त्याच शिवारातले असतात.

या ताटाचे रसायनही वर्गात उलगडून दाखविता येते. ज्वारीतील लोह शरीराला पूर्णपणे मिळत नाही, कारण धान्यातील फायटेट नावाचा घटक त्याला बांधून ठेवतो. पीठ आंबविले किंवा कडधान्याला मोड आणले, की फायटेट काही प्रमाणात मोडते व लोहाचे शोषण सुधारते. आंबील हा त्याचाच घरगुती प्रयोग होय. लिंबू, आवळा, पेरू यांतील क जीवनसत्त्व लोहाच्या शोषणास मदत करते. याउलट जेवणासोबत किंवा लगेच नंतर घेतलेल्या चहातील टॅनिन ते रोखते. तेव्हा जेवणानंतरचा चहा तासभर पुढे ढकलणे आणि वरणावर लिंबू पिळणे हे रक्तक्षयावरील कमी खर्चाचे उपाय ठरतात. अर्थात रक्तक्षय जडलेल्या विद्यार्थिनीला केवळ लिंबू पुरत नाही. तिला तपासणी व गोळ्या लागतात, हे सांगण्यास संकोच करू नये.

समजुतींची छाननीही येथेच व्हावी. गूळ-शेंगदाण्याने रक्त वाढते, हे घरोघरी ऐकविले जाते. शेंगदाणे उत्तमच आहेत. पण दहा ग्रॅम गुळातून मिळणारे लोह अर्ध्या मिलिग्रॅमच्या आसपास भरते, तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०२० साली प्रौढ स्त्रीसाठी सुचविलेली लोहाची दैनिक मात्रा २९ मिलिग्रॅम आहे. विद्यार्थ्यांनी हा भागाकार स्वतः केला म्हणजे समज आणि माहिती यांतील अंतर त्यांना वेगळे समजावून द्यावे लागत नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने हैदराबादच्या ‘इक्रिसॅट’ संस्थेसमवेत विकसित केलेला ‘परभणी शक्ती’ हा ज्वारीचा जैवसंपृक्त वाण २०१८ साली प्रसारित झाला. त्यात किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आणि ३२ मिलिग्रॅम जस्त आहे. शेतकरी कुटुंबातील विद्यार्थ्याला ही माहिती ताटाइतकीच पेरणीसाठीही उपयोगी आहे.

दहा रुपयांचा हिशेब

सकाळच्या एसटीने येणारा विद्यार्थी पुष्कळदा चहावर घर सोडतो. घरात भाकरी थापली जाते ती त्याची गाडी निघून गेल्यावर. पहिल्या दोन तासांनंतर त्याला भूक लागते, खिशात दहा-वीस रुपये असतात आणि महाविद्यालयाच्या दारात टपरी असते. आहाराची निवड म्हणून जे काही आहे ते या दहा मिनिटांत घडते. त्यामुळे पोषणशिक्षणाची सुरुवातही या दहा रुपयांपासूनच व्हावयास हवी.

समजा, बटाट्याच्या काचऱ्यांच्या पाकिटावर १० रुपये आणि २५ ग्रॅम असे छापले आहे. किलोचा भाव ४०० रुपये झाला. त्याच दिवशी आठवडी बाजारात बटाटा ३० रुपये किलो असू शकतो. पाकिटातून मिळणारी प्रथिने दोन ग्रॅमही भरत नाहीत. शेंगदाणे १४० रुपये किलो धरल्यास दहा रुपयांत सुमारे ७० ग्रॅम येतात आणि त्यांतून १६-१७ ग्रॅम प्रथिने मिळतात. १२० रुपये किलोचे फुटाणे धरले तर दहा रुपयांत सुमारे ८० ग्रॅम आणि जवळजवळ तेवढीच प्रथिने. सात रुपयांच्या एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम. भाव बदलतील, रीत बदलणार नाही. विद्यार्थ्यांनी आपापल्या गावच्या बाजारातील भाव घेऊन हा तक्ता दर सत्रात नव्याने करावा. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला एकक किंमत शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणार नाही. २०२२ नंतर आवेष्टित वस्तूंवर एकक विक्री किंमत छापण्याचा नियमही लागू झाला आहे. परंतु ती वाचणारा ग्राहक अजून घडावयाचा आहे.

या हिशेबाची मर्यादाही सांगितली पाहिजे. रुपयामागे प्रथिने हा एकच निकष लावला तर पालेभाजी आणि फळे हरतील, कारण ती प्रथिनांसाठी खात नाहीत. अंड्यातील प्रथिनांची प्रत शेंगदाण्यापेक्षा सरस असते. शिवाय फुटाण्यांना इंधन लागत नाही, मटकीच्या उसळीला लागते. परवडणे म्हणजे निव्वळ किंमत नव्हे. त्यात वेळ, सरपण किंवा गॅस, पाणी आणि कोणाचे तरी श्रम मोजावे लागतात. ते श्रम बहुधा आईचे असतात आणि म्हणूनच हिशेबात धरले जात नाहीत.

वेष्टनावरील मजकूर

भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या नियमांनुसार आवेष्टित खाद्यपदार्थावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. हे एक सूत्र माहीत असले, की ‘बहुधान्य’ असे दर्शनी भागावर मिरविणाऱ्या बिस्किटात पहिला क्रमांक मैद्याचा असल्याचे विद्यार्थ्याच्या ध्यानात येते. साखर एकाच नावाने येत नाही. द्रव ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप अशा नावांनी ती विखुरलेली असते. मीठ ‘सोडियम’ म्हणून लिहिलेले असते. त्यास अडीचने गुणले म्हणजे मिठाचा आकडा मिळतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमहून कमी मीठ सुचविते. ८०० मिलिग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ, अर्थात दिवसाच्या मर्यादेचा दोन-पंचमांश भाग एका खाण्यात संपला.

येथे दोन अडचणी आहेत आणि त्या विद्यार्थ्यांच्या नाहीत. हा मजकूर इंग्रजी किंवा देवनागरी लिपीतील हिंदीत असणे पुरेसे आहे. प्रादेशिक भाषा ऐच्छिक आहे. व्यवहारात तो बहुधा बारीक इंग्रजी टायपात असतो. मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यासाठी इंग्रजीच्या प्राध्यापकाने एक तास वेष्टनवाचनासाठी दिला, तर तो उपयोजित इंग्रजीचाच तास ठरेल. दुसरी अडचण नियमातच आहे. ज्या वेष्टनाचे पृष्ठफळ १०० चौरस सेंटिमीटरपेक्षा अधिक नाही, त्यावर घटकांची यादी व पोषणमूल्ये न देण्याची सवलत आहे. ती मोठ्या बाह्य वेष्टनावर द्यावयाची असतात. म्हणजे एक-दोन रुपयांची पुडी घेणाऱ्याच्या हाती माहिती येतच नाही. चिलीने २०१६ पासून जादा साखर, मीठ, स्निग्धांश व उष्मांक असलेल्या पदार्थांच्या दर्शनी भागावर काळे अष्टकोनी इशारे सक्तीचे केले. तेथे साक्षरतेचा भार ग्राहकावर कमी आणि उत्पादकावर अधिक टाकला आहे. भारतात तोपर्यंत वर्गातील वेष्टनवाचनाला पर्याय नाही.

निवड कोणाची?

विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०१६ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये उच्च शिक्षण संस्थांच्या आवारातील जंक फूडची विक्री थांबविण्याविषयी परिपत्रक काढले. राज्य शासनाने मे २०१७ मध्ये शाळांच्या उपाहारगृहांसाठी असाच निर्णय घेतला आणि २०२० च्या केंद्रीय नियमावलीने शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत अशा पदार्थांच्या विक्रीस मनाई केली. हे निर्णय योग्य आहेत. पण उपाहारगृहातून वडा काढला आणि त्या जागी काहीच ठेवले नाही, तर विद्यार्थी एक्कावन्नाव्या मीटरवर जाऊन वडाच खातो. बंदीपेक्षा पर्याय उभा करणे अवघड असते. बचतगटातील महिलांना सकाळच्या सुट्टीत धपाटे, उकडलेले हरभरे, अंडी, ताक विकण्यासाठी आवारात जागा देणे, एवढे मात्र कोणत्याही महाविद्यालय विकास समितीच्या आवाक्यात आहे.

मुलींच्या बाबतीत प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. पुरुष व मुले जेवून उठल्यावर उरलेल्या भाजीत जेवणाऱ्या घरातील विद्यार्थिनीला ‘हिरव्या भाज्या खा’ असे सांगणे म्हणजे जे तिच्या हातात नाही ते तिच्याकडून मागणे होय. त्यात उपवासांची भर पडते. तुळजाभवानीचे स्थान असलेल्या या जिल्ह्यात नवरात्राचे नऊ दिवस आणि एरवीचे वार मुली श्रद्धेने पाळतात. श्रद्धेला हात न घालताही उपवासाच्या ताटाविषयी बोलता येते. साबुदाण्यात पिष्टाशिवाय फारसे काही नसते; त्याऐवजी राजगिरा, शेंगदाणे, दूध, ताक आणि फळे उपवासालाच चालतात, हे मुली लगेच स्वीकारतात. कुटुंबातील वाढपाच्या क्रमाविषयी मात्र केवळ मुलींशी बोलून भागत नाही. पोषणशिक्षणाच्या वर्गात मुलगे असणे अत्यावश्यक आहे. तो ‘गृहविज्ञानाचा विषय’ मानून मुलींपुरता ठेवणे ही जुनी चूक आहे.

परवडण्याची खरी कसोटी गावाबाहेर खोली करून राहणाऱ्या विद्यार्थ्यांच्या बाबतीत लागते. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्यात डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. २०१७ च्या निर्णयात महानगरपालिका नसलेल्या जिल्ह्याच्या ठिकाणी भोजनासाठी वर्षाला २५,००० रुपये धरले होते. म्हणजे दिवसाला सुमारे ६८ रुपये. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या आहारविषयक मार्गदर्शक सूचनांत २००० उष्मांकांचे जे ताट सुचविले आहे, त्यात २५० ग्रॅम तृणधान्य, ८५ ग्रॅम डाळी, ४०० ग्रॅम भाज्या, १०० ग्रॅम फळे, ३०० मिलिलिटर दूध वा दही, ३५ ग्रॅम तेलबिया व सुकामेवा आणि २७ ग्रॅम तेल येते. ज्वारी ४० रुपये, डाळ १३०, भाजी व फळे ५०, शेंगदाणे १४०, तेल १५० रुपये किलो आणि दूध ५० रुपये लिटर धरले, तर नुसत्या कच्च्या मालाचा खर्च ७० रुपये होतो. इंधन, मसाला, स्वयंपाकिणीची मजुरी आणि खानावळचालकाचा नफा यांसाठी काहीच उरत नाही. उलट दोन रुपये कमी पडतात. ही बेरीज विद्यार्थ्यांकडून फळ्यावर करवून घ्यावी. चार-पाच जणांनी मिळून सरपण वाटून घेतले, भाजी आठवडी बाजारात सायंकाळी उतरत्या भावाने घेतली, दुधाचे प्रमाण थोडे कमी करून डाळ वाढविली, तर ताट कोठपर्यंत आणता येते हेही त्यांनी शोधावे. आणि तरीही जे जमत नाही ते आपल्या अज्ञानामुळे नव्हे, रकमेमुळे जमत नाही, हे त्यांना त्याच फळ्यावर दिसावे.

राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवस

स्वतंत्र अभ्यासक्रमाची वाट न पाहता हाताशी असलेले माध्यम म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे हिवाळी शिबिर. सात दिवस, ठरावीक रक्कम आणि सामूहिक स्वयंपाक, असे तिन्ही घटक तेथे आधीच असतात. बहुतेक ठिकाणी आचारी बोलावला जातो व विद्यार्थी बौद्धिकांना बसतात. त्याऐवजी गटागटाने एकेका दिवसाचा आहार ठरवावा, बाजार करावा, हिशेब लिहावा आणि रांधावे. भाकरी थापण्याची पाळी मुलांच्या गटाकडेही यावी. तुळजापूरचे कृषी विज्ञान केंद्र, परभणीचे सामुदायिक विज्ञान महाविद्यालय, तसेच अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनसारखी, गावातील स्त्रियांनाच आरोग्यसेविका म्हणून घडविणारी संस्था यांचे साहाय्य अशा वेळी घेता येईल. मराठी विभागाने शिबिराच्या गावातील वृद्ध स्त्रियांकडून माडगे, शेंगोळे, रानभाज्या यांच्या कृती नोंदवून घेतल्या, तर त्या शब्दसंग्रहाचेही मोल आहे.

परिणामाची तपासणी मात्र शिबिराच्या शेवटच्या दिवशी करू नये. ‘पालकात लोह असते’ या प्रश्नाचे बरोबर उत्तर सात दिवसांत देता येते; रक्त सात दिवसांत बदलत नाही. लाल रक्तपेशीचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते. तेव्हा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या साहाय्याने आणि विद्यार्थ्यांच्या संमतीने जुलैमध्ये हिमोग्लोबिनची एक तपासणी व्हावी, जिला गोळ्यांची गरज आहे तिला त्या सुरू व्हाव्यात, आणि दुसरी तपासणी डिसेंबरात, येळवशीच्या सुमारास व्हावी. आकडे ज्याचे त्यालाच कळवावेत; वर्गाची केवळ सरासरी सूचनाफलकावर लावावी.